अस्थिसुषिरता व वांशिक भेद

हाडातील खनिज द्रव्ये व जैव द्रव्य ही दोन्ही कमी होऊन त्याची आंतररचना विरळ होते आणि परिणामी किरकोळ आघातानेही हाड मोडण्याचा संभव निर्माण होतो, तेव्हा त्या अवस्थेस ‘अस्थिसुषिरता’ म्हणतात. ड जीवनसत्त्वाच्या अभावी खनिजे नीट साचत नसल्यामुळे हाड मऊ पडते. ती विकृती निराळी असून तिला प्रौढांत अस्थिमृदुता व बालकांत मुडदूस अशी नावे आहेत. अस्थिसुषिरतेत मनगट, पाठीचे मणके व खुबा या तीन ठिकाणी अस्थिभंग विशेष आढळतात. यांपैकी खुब्याचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा, अस्थिभंग सर्वांत गंभीर समजला जातो. त्यामुळे वृद्ध व्यक्ती अंथरुणास खिळते व पुष्कळदा तिचे आयुष्यही कमी होते. मणक्याचा भंग अनेकदा लक्षातही येत नाही. पाठीस पोक येणे व उंची कमी होणे एवढीच त्याची खूण असते. खुब्याच्या रोग्यास मात्र सहसा रुग्णालयात न्यावे लागते. म्हणून देशादेशांतील व मानवसमूहांतील तुलनेसाठी खुब्याच्या अस्थिभंगाचे प्रमाण हेच मुख्य माप मानण्यात आले आहे.

हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. जगातील अधिकतम व न्यूनतम प्रमाणांत सुमारे दहापट अंतर आढळते. डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन या देशांत ते सर्वाधिक असून आफ्रिकेतील ज्या थोड्या देशांची आकडेवारी उपलब्ध आहे, तेथे ते अत्यल्प आहे. या तफावतीचे कारण मनुष्याच्या वंशात शोधावे, की त्याच्या अन्नात, श्रमात व आयुर्मानात, हा प्रश्न गेली सहा दशके वैद्यकापुढे आहे. तो केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. एखाद्या समूहाची हाडे ‘स्वभावतःच’ बळकट किंवा दुबळी ठरली, की त्या समूहातील व्यक्तीची तपासणी व्हावी किंवा नाही, तिला औषध मिळावे किंवा नाही आणि तिच्या आहारात कॅल्शियम किती असावे, हे सर्व त्यावरून ठरू लागते.

पूर्वेतिहास : वृद्धांची हाडे विरळ होतात व त्यामुळे त्यांच्या मांडीच्या हाडाची मान सहज मोडते, हे लंडनचे शल्यचिकित्सक सर ॲस्टली कूपर यांनी १८२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदविले होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच स्ट्रासबर्ग येथील विकृतिवैज्ञानिक लॉबश्टाइन यांनी या सच्छिद्र हाडांस आज रूढ असलेले पाश्चात्त्य नाव दिले. फुलर ऑलब्राइट व त्यांचे सहकारी यांनी १९४०–४१ च्या सुमारास बॉस्टन येथे या विकाराचा स्त्रियांच्या ऋतुनिवृत्तीशी असलेला संबंध दाखवून दिला. या काळातील निरीक्षणे बहुतांशी यूरोपीय वंशाच्या रुग्णांवरच झालेली होती.

वंशभेदाचा मुद्दा १९६० नंतर ठळकपणे पुढे आला. त्या वर्षी सेंट लूइस येथील शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीय व गौरवर्णीय व्यक्तींच्या सांगाड्यांची तुलना करून कृष्णवर्णीयांची हाडे अधिक घन असल्याचे दाखविले. दक्षिण आफ्रिकेत जोहॅनिसबर्ग येथे लूइस सॉलोमन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तेथे त्या वेळी ‘बांटू’ म्हणून नोंदल्या जाणाऱ्या लोकांत खुब्याचे अस्थिभंग गौरवर्णीयांच्या मानाने फारच कमी असल्याचे आढळले. या दोन्ही निष्कर्षांची सांगड घालून ‘काळ्यांचे हाड जाड म्हणून ते मोडत नाही’ असे सुटसुटीत समीकरण पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. आशियाई लोकांना मात्र या समीकरणात जागा नव्हती. त्यांची हाडे बारीक होती आणि तरीही ती फारशी मोडत नव्हती.

सिंगापूरचा पुरावा : वंश हे कारण मानावयाचे, तर एकाच शहरात, एकाच हवामानात राहणाऱ्या निरनिराळ्या वंशांच्या लोकांची तुलना करणे सोयीचे. चिनी, मलाय व भारतीय अशी वस्ती असलेल्या सिंगापूरमध्ये पी. सी. एन. वाँग यांनी १९६० नंतरच्या दशकात अशी तुलना केली. तेथील एकूण प्रमाण पाश्चात्त्य देशांहून बरेच कमी होते. मात्र तिन्ही समूहांत भारतीयांचे, म्हणजे प्रामुख्याने तमिळ लोकांचे, प्रमाण अधिक आढळले. हा भेद भारतीयांच्या अंगभूत दुर्बलतेचा पुरावा म्हणून सहज मांडता आला असता.

पुढील पिढीत हा क्रम उलटला. १९९१ ते १९९८ या काळातील नोंदींवरून सिंगापूरमधील स्त्रियांत खुब्याच्या अस्थिभंगाचे वयानुसार समायोजित वार्षिक प्रमाण दर लाखास चिनी ४१०, भारतीय ३६१ व मलाय २६४ असे आले. १९६०–७० च्या दशकाच्या मानाने स्त्रियांतील एकूण प्रमाण सुमारे पाचपट व पुरुषांतील दीडपट झाले होते. हाँगकाँगमध्येही १९६६ ते १९८५ या सुमारे वीस वर्षांत चिनी स्त्रियांतील प्रमाण दुपटीहून अधिक वाढले. इतक्या अल्पावधीत कोणत्याही लोकसमूहाची आनुवंशिक घडण पालटत नाही. पालटले ते त्यांचे जीवन : ओझी वाहण्याचे व शेतीचे काम सुटले, चालणे कमी झाले, वस्ती उंच इमारतींत गेली आणि अधिक माणसे वार्धक्यापर्यंत पोहोचली. उलट, एकाच ‘गौर’ वंशात गणल्या जाणाऱ्या यूरोपीयांत स्कँडिनेव्हियन व भूमध्य समुद्राकाठचे लोक यांमधील तफावत अनेक पटींची आहे. वंशावंशांतील अंतराइतकेच किंवा त्याहूनही मोठे अंतर जर एका वंशाच्या आत असेल, तर वंश हे माप अपुरे ठरते.

कॅल्शियमचे कोडे : अस्थिभंग कमी असलेल्या देशांतील लोक कॅल्शियम कमी खातात व दूधदुभत्याने समृद्ध असलेल्या देशांत अस्थिभंग अधिक होतात, ही विसंगती लवकरच लक्षात आली. ब्रिटिश शास्त्रज्ञ बी. ई. सी. नॉर्डिन यांनी १९६६ मध्ये अनेक देशांतील अस्थिसुषिरतेची तुलना प्रसिद्ध केली. तीत कॅल्शियमचे सेवन व हाडांची स्थिती यांचा सरळ मेळ बसला नाही. त्यापूर्वीच, १९६२ मध्ये, अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ञगटाने प्रौढांसाठी दररोज ४०० ते ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरेसे असल्याचे सुचविले होते. ड जीवनसत्त्वाची उणीव नसल्यास याहून कमी सेवनानेही अपाय झाल्याचा खात्रीलायक पुरावा नाही, असे त्या गटाचे मत होते. भारतातही दीर्घकाळ ४०० मिलिग्रॅमचीच शिफारस चालू राहिली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने ती २०१० मध्ये ६०० व २०२० मध्ये १,००० मिलिग्रॅम केली.

या बदलामागील विचार ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या देशात सरासरी आयुर्मान १९४१–५१ या दशकात अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते, तेथे खुबा मोडण्याच्या वयापर्यंत पोहोचणारी माणसेच थोडी होती. अस्थिभंग कमी दिसले, याचा अर्थ हाडे सुदृढ होती, असा होत नव्हता. २०१६–२० मध्ये भारताचे सरासरी आयुर्मान ७० वर्षे झाले आणि पूर्वी झाकलेली उणीव उघडी पडू लागली. ड जीवनसत्त्वाबाबतही हेच घडले. ग्लासगो येथील पाकिस्तानी वस्तीत मुडदूस व अस्थिमृदुता यांचे रुग्ण १९६२ मध्ये नोंदले गेले, तेव्हा दक्षिण आशियाई लोकांची वर्णसंपन्न त्वचा व उत्तरेचा मंद सूर्यप्रकाश ही कारणे पुरेशी वाटली. परंतु २००० मध्ये दिल्लीतील निरोगी व्यक्तींतही या जीवनसत्त्वाची पातळी फार कमी आढळली. देशात ऊन मुबलक असले, तरी घरात वा कारखान्यात दिवस काढणाऱ्याच्या त्वचेपर्यंत ते पोहोचतेच असे नाही.

मापनाचा प्रश्न : १९६३ मध्ये कॅमेरॉन व सोरेन्सन यांनी फोटॉन-शोषणाच्या साहाय्याने जिवंत व्यक्तीच्या हाडातील खनिज मोजण्याची पद्धती शोधली. १९८७ च्या सुमारास द्विऊर्जा क्ष-किरण शोषणमापनाची यंत्रे प्रचारात आली व अस्थिघनता ही नित्याची तपासणी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ मध्ये तरुण, निरोगी स्त्रियांच्या सरासरीपेक्षा अडीच प्रमाण विचलनांनी किंवा त्याहून अधिक कमी घनता म्हणजे अस्थिसुषिरता, अशी व्याख्या निश्चित केली. खुब्यासाठी ही सरासरी अमेरिकेतील वीस ते एकोणतीस वर्षे वयाच्या गौरवर्णीय स्त्रियांवरून घेण्यात येऊ लागली.

या मापाने पाहिल्यास भारतीय स्त्रियांचा फार मोठा भाग रोगी ठरतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेतील वीणा शत्रुघ्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्प उत्पन्न गटातील तीस ते साठ वर्षे वयाच्या २८९ स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांत मांडीच्या हाडाच्या मानेची अस्थिसुषिरता आढळली. त्यांच्या आहारातील कॅल्शियम दररोज सुमारे २७० मिलिग्रॅम होते. येथे यंत्राची एक मर्यादा जमेस धरावी लागते. ते हाडाची खोली मोजत नाही, केवळ सपाट छायेचे क्षेत्रफळ मोजते. म्हणून लहान हाडाची घनता प्रत्यक्षाहून कमी दिसते. बुटक्या स्त्रीचे हाड लहान असल्यामुळे विरळ भासते, की ते खरोखरच विरळ आहे, हे आकड्यावरून कळत नाही. यासाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१० मध्ये भारतीय स्त्रीपुरुषांची स्वतंत्र प्रमाणके प्रसिद्ध केली. पुण्यातील संशोधकांनी २०११ मध्ये पाच ते सतरा वर्षे वयाच्या भारतीय मुलामुलींची प्रमाणके दिली. स्वदेशी मापामुळे रोगी ठरणाऱ्यांची संख्या घटते. परंतु कुपोषित समाजाची सरासरी हेच आरोग्याचे प्रमाण मानल्यास उणीवच नियम बनण्याचा धोका असतो. परक्या मापाने निरोगी व्यक्ती रोगी ठरण्याचा संभव आहे, तर घरच्या मापाने रोगी व्यक्ती निरोगी ठरण्याचा.

घनता व अस्थिभंग यांतील विसंगती : अमेरिकेत सुमारे दोन लाख ऋतुनिवृत्त स्त्रियांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत कृष्णवर्णीय स्त्रियांची अस्थिघनता सर्वाधिक व आशियाई स्त्रियांची सर्वांत कमी आढळली. तथापि अस्थिभंगाचा धोका या दोन्ही समूहांत गौरवर्णीयांपेक्षा कमी होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात, अस्थिघनता समान असतानाही कृष्णवर्णीय स्त्रियांत अस्थिभंगाचा धोका ३० ते ४० टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. पश्चिम आफ्रिकेतील गँबियाच्या ग्रामीण भागात तर वृद्ध स्त्रियांच्या हाडांतील खनिज कमी असूनही अस्थिभंग दुर्मिळच असल्याचे १९९६ मध्ये नोंदले गेले. ‘जाड हाड मोडत नाही’ हे जुने समीकरण अशा रीतीने दोन्ही बाजूंनी कोलमडले.

याची काही स्पष्टीकरणे उपलब्ध आहेत. आशियाई व कृष्णवर्णीय स्त्रियांत खुब्याच्या अक्षाची लांबी कमी असते; आखूड तरफेवर ताण कमी पडतो, तसे या हाडावर पडताना बसणाऱ्या धक्क्याचा जोर कमी पडतो. हवाईमधील जपानी वंशाचे वृद्ध गौरवर्णीयांच्या सुमारे निम्म्याच वेळा पडतात, असे आढळले आहे. जमिनीवर बसण्याउठण्याच्या सवयीने पायांचे स्नायू व तोल टिकून राहतात, हा तर्क येथे मांडला जातो. हाडाची सूक्ष्मरचना, शरीराचे वजन व चालण्याचे प्रमाण यांचाही वाटा आहे. आनुवंशिकता यांतून वगळता येत नाही. एकाच समूहातील दोन व्यक्तींच्या अस्थिघनतेतील फरकाचा मोठा भाग आनुवंशिक असतो. पण व्यक्तीव्यक्तींतील फरक आनुवंशिक असला, म्हणून दोन समूहांतील फरकही आनुवंशिकच असतो, असे होत नाही.

महाराष्ट्रातील परिस्थिती : भारतात खुब्याच्या अस्थिभंगाची लोकसंख्येवर आधारलेली मोजणी क्वचितच झाली आहे. हरियाणातील रोहटक जिल्ह्यात २००९ च्या नोंदींवरून पन्नास वर्षांवरील व्यक्तींत हे वार्षिक प्रमाण दर लाखास १२९ (स्त्रियांत १५९ व पुरुषांत १०५) आढळले. रुग्णालयाची पायरी न चढता हाडवैद्याकडे वा घरीच पडून राहिलेले रोगी अशा मोजणीतून निसटतात, हे अर्थातच लक्षात ठेवले पाहिजे.

महाराष्ट्राचे महत्त्वाचे योगदान वेगळ्या दिशेचे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. सुमारे ८०० मातांचा आहार व रक्त गर्भारपणातच तपासण्यात आले आणि त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर मुलांची व आईवडिलांची अस्थिघनता मोजण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मातांच्या गरोदरपणीच्या आहारात दूध, डाळी, पालेभाज्या, फळे यांसारखे कॅल्शियमयुक्त पदार्थ वारंवार होते, त्यांच्या मुलांची हाडे अधिक खनिजसंपन्न होती. मातेच्या रक्तातील फोलेटच्या पातळीचाही असाच संबंध आढळला. हाडाचा दुबळेपणा आईकडून मुलाकडे जातो व म्हणून तो वंशपरंपरागत भासतो. पण त्याचा एक भाग रक्तातून नव्हे, तर ताटातून आलेला असतो, हा या अभ्यासाचा आशय होय.

वांशिक वर्गवारी प्रत्यक्ष गावापाशी कितपत उपयोगी पडते, हे सोलापूर जिल्ह्याच्या उदाहरणावरून पाहता येते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंग हे सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरील गाव मराठी व कानडी भाषांच्या सीमाप्रदेशात आहे. त्याच रस्त्यावर सोलापूरच्या बाजूस कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेली १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये पूर्ण झाली. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांत तेलुगू भाषकांची संख्या मोठी आहे. आंतरराष्ट्रीय कोष्टकांत या सर्व स्त्रिया ‘भारतीय’ किंवा नुसत्या ‘आशियाई’ या एकाच रकान्यात जातात. हाडाच्या दृष्टीने मात्र शेतात उन्हात वाकून खुरपणी करणारी स्त्री आणि दिवसभर घरात बसून विड्या वळणारी स्त्री यांच्यातील अंतर भाषेच्या वा जातीच्या अंतराहून महत्त्वाचे असू शकते. या भागातील मुख्य धान्य ज्वारी असून तिच्या १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम सुमारे २५ मिलिग्रॅम असते. कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात खाल्ल्या जाणाऱ्या नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. हा फरक मातीचा व पावसाचा आहे, वंशाचा नव्हे.

जोखमीचे गणित : इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात जॉन केनिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘फ्रॅक्स’ नावाची गणनपद्धती तयार केली. वय, लिंग, वजन, उंची, पूर्वीचा अस्थिभंग, आईवडिलांच्या खुब्याचा अस्थिभंग, धूम्रपान इ. माहितीवरून पुढील दहा वर्षांत अस्थिभंग होण्याची संभाव्यता तीत काढतात. प्रत्येक देशासाठी तिचे स्वतंत्र प्रारूप असते. सिंगापूरसाठी चिनी, मलाय व भारतीय अशी तीन आणि अमेरिकेसाठी चार वांशिक प्रारूपे करण्यात आली. अमेरिकेतील प्रारूपांत गौरवर्णीय स्त्रीच्या जोखमीस कृष्णवर्णीयांसाठी ०·४३, आशियाईंसाठी ०·५० व हिस्पॅनिकांसाठी ०·५३ या गुणकाने गुणण्यात आले. सोलापूरहून न्यू जर्सीस स्थायिक झालेल्या मराठी स्त्रीची जोखीम त्यामुळे तिच्या गोऱ्या शेजारणीच्या निम्मी ठरते आणि औषधोपचाराची मर्यादा तिच्या बाबतीत उशिरा गाठली जाते. चिनी, जपानी, फिलिपिनो व भारतीय या सर्वांस एकच गुणक लावण्याचे शास्त्रीय समर्थन करणे कठीण आहे. या पद्धतीवर बरीच टीका झाल्यानंतर अमेरिकेतील अस्थिसंशोधकांच्या संस्थेने नेमलेल्या कृतिगटाने २०२४ मध्ये जोखमीच्या गणनेतून वंशाचा घटक वगळण्याची शिफारस केली.

मूल्यमापन : मानवसमूहांतील अस्थिभंगांच्या प्रमाणांत फरक आहेत, हे निर्विवाद आहे. शरीराची उंची, हाडाची भूमिती व आनुवंशिक गुण यांचा त्यांत वाटाही आहे. परंतु सिंगापूर व हाँगकाँग येथे हे फरक एका पिढीत पालटले, गँबियात घनता व अस्थिभंग यांची फारकत झाली आणि पुण्याजवळील खेड्यांत मातेच्या आहाराची खूण मुलाच्या हाडात सापडली. या तिन्ही गोष्टींमुळे वंश हे कारण नसून पुष्कळ कारणांचे एक ढोबळ नाव आहे, असे मानण्याकडे आता कल आहे. १९९० मध्ये जगात खुब्याचे सुमारे १६ लाख ६० हजार अस्थिभंग झाले व २०५० पर्यंत ही संख्या ६२ लाखांवर जाईल, त्यांतील मोठा वाटा आशियाचा असेल, असा अंदाज १९९२ मध्ये वर्तविण्यात आला होता. त्यास तोंड देताना तपासणीची यंत्रे मोठ्या शहरांपुरतीच राहतील, हे उघड आहे. वळसंगसारख्या गावातील वृद्धेच्या बाबतीत तिचे वय, उंचीत पडलेली घट, पूर्वी मोडलेले हाड, आईचा मोडलेला खुबा, ऋतुनिवृत्तीचे वय, दूध व ऊन तिच्या वाट्यास किती आले, एवढी विचारणा आरोग्यसेविकेलाही करता येते. जोखमीचा अंदाज बांधण्यास या माहितीचा उपयोग तिच्या वंशाच्या नोंदीपेक्षा अधिक होतो.